नाडीच्या गाठी

बल्लीमारानमध्ये आता चष्मे आणि चपला विकतात. चांदणी चौकातून आत वळलं की काचेच्या कपाटांत फ्रेमाच फ्रेमा, आणि त्या संपतात तिथून पादत्राणांची घाऊक दुकानं. बत्तीस वर्षं दुसऱ्यांची मुद्रितं तपासण्यात डोळे झिजवलेल्या माणसाचं गालिबच्या गल्लीने याहून चांगलं स्वागत काय करावं! ही म्हणाली, "आलोच आहोत तर नंबर तपासून घ्या." मी म्हटलं, "आधी गालिब."

खरं तर गालिबकडे मी वळलो तो निवृत्तीनंतर. वेळ जाईना म्हणून उर्दू लिपी शिकलो. उजवीकडून डावीकडे वाचायची सवय दोन वर्षांत लागली, पण धंद्याची खोड काही गेली नाही. लोक शेर वाचून मान डोलावतात. माझा डोळा आधी तळटीपेकडे जायचा. कुठल्या प्रतीत हा शब्द, कुठल्या प्रतीत तो, हा पाठ कापलेला, तो समासात लिहिलेला. रामपूरची प्रत, भोपाळची प्रत, शाहदऱ्याची छपाई, आग्र्याची छपाई असं वाचता वाचता डोक्यात एक नकाशाच तयार झाला. एका नोव्हेंबरात तो नकाशा घेऊन आम्ही दोघं निघालो. हिला ताजमहाल बघायचा होता, एवढी तडजोड माझ्याकडून.

पत्ता विचारला तर चपलांच्या दुकानातला माणूस हातातलं गिऱ्हाईक सोडून बाहेर आला आणि गल्ली कासिम जानच्या तोंडापर्यंत सोडून गेला. आमच्या पेठेत अशा वेळी समोरच्या भिंतीवरच्या पाटीकडे बोट करायची पद्धत आहे. हवेली म्हणायची, एवढंच. प्रत्यक्षात एका मोठ्या वास्तूचा उरलेला तुकडा. काही दशकांपूर्वीपर्यंत इथे कोळशाची वखार होती. आता लाखोरी विटा, कमानी, कवीचा अर्धपुतळा, भिंतींवर शेर. मूळ कागद मात्र शोधून सापडायचा नाही. त्यात दिल्ली सरकारचा दोष नाही, दोष खुद्द मालकाचा. मालक तरी कसला, भाडेकरू. जन्मभर गालिबने घर घेतलं नाही. पुस्तकही घेतलं नाही. दुकानांतली पुस्तकं भाड्याने घरोघर फिरवणारा एक माणूस होता, त्याच्याकडून तो आणायचा आणि वाचून परत करायचा. त्याचा शिष्य हाली याने 1897 सालच्या 'यादगार-ए-गालिब'मध्ये हे लिहून ठेवलं आहे.

त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या या सगळ्या प्रवासाचं मूळ तीच. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या गालिब शेर जुळवायचा. दिवा लावून, दौत शोधून लिहायचा कंटाळा. एक शेर पुरा झाला की पायजम्याच्या नाडीला एक गाठ. दुसरा झाला की दुसरी. अशा आठ-आठ, दहा-दहा गाठी मारून झोपायचं आणि सकाळी एकेक गाठ आठवून शेर कागदावर उतरवायचे.

हवेलीच्या अंगणात उभं राहून हिला हे सांगितलं. ती म्हणाली, "त्यात काय नवल? आमची आजी पदराला गाठ मारायची. एकदा तीन गाठी होत्या नि दोनच गोष्टी आठवल्या. तिसरी दिवसभर शोधत होती."

मी गप्पच झालो. आपण खूणगाठ हा शब्द सर्रास वापरतो, पण तिसऱ्या गाठीचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. कवितेचे खर्डे जपायचे, त्यांतली खाडाखोड लावायची हा सगळा उद्योग ज्या कवीसाठी करायचा त्याचा पहिला खर्डा नाडीवर, आणि तोही सकाळी सुटून गेलेला.

कागदावर उतरलेलं तरी तो कुठे जपत होता? ते काम दोस्तांचं. नवाब झियाउद्दीन अहमद खान आणि हुसेन मिर्झा हे दोघे त्याचं लेखन गोळा करून ठेवत. 1857 साली दिल्ली पडली, लूट झाली, त्यात या दोघांचीही घरं लुटली गेली आणि ग्रंथसंग्रहांबरोबर गालिबची कविताही गेली. पुढे एकदा एक गोड गळ्याचा फकीर कुठूनशी त्याची गझल लिहून घेऊन आला. स्वतःचीच गझल परक्या हातातल्या कागदावर पाहून आपल्याला रडू कोसळायच्या बेतात होतं, असं त्याने आग्र्याच्या मित्राला पत्रात कळवलं आहे. आमच्याकडे तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या आणि वर आल्या; वर येईपर्यंत त्या लोकांच्या मुखात तरंगत होत्या असंही मानणारे आहेत. दिल्लीच्या लुटीतून तरंगून वर आला तो हा फकिराच्या हातातला कपटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदणी चौकात बेडमी पुरी आणि बटाट्याची रस्साभाजी खाल्ली. पुरीच्या आत उडदाच्या डाळीचं वाटण, भाजीत हिंग सढळ. आपल्याकडे रस्सा पातळ झाला तर यजमानीण शरमते. इथे पातळपणा हाच मान, द्रोण तोंडाला लावून प्यायचा. दुकानदाराने न मागता दुसऱ्यांदा वाढलं आणि पैसे घ्यायला नकार दिला. मग आग्रह करून आम्ही ते दिलेच, आणि आग्रह करून त्याने ते घेतले. या कवायतीत दोन्ही बाजू पटाईत लागतात, आम्ही शिकाऊ.

जुन्या दिल्लीहून गाडी यमुनेचा पूल ओलांडते आणि लगेच शाहदरा येतं. डब्यातल्या कुणालाच त्या स्टेशनात रस नव्हता. मी मात्र खिडकीला नाक लावून बसलो. माझ्या जातीच्या माणसाने हात जोडावेत असं हे ठिकाण आहे. 1861 साली गालिबचा उर्दू दीवान इथल्या अहमदी छापखान्यात छापला गेला.

तेव्हाची उर्दू छपाई शिळाछापाची. खिळे जुळवण्याचा प्रश्न नाही. कातिब एका खास कागदावर, खास शाईने सुबक हस्ताक्षरात मजकूर लिहिणार, त्याला म्हणायचं 'कापी'. ती कापी लेखकाला दाखवायची, चुका दुरुस्त करायच्या आणि मग ती दगडावर उतरवायची. दगडावर उमटल्यावर चूक दिसलीच तर तिच्यासाठी वेगळा कारागीर, संगसाज. हा गृहस्थ दगडावर उलटी अक्षरं सुलट्या अक्षरांइतकी सहज लिहायचा. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली पंचांग छापलं, तिथेही दगडच होता. धर्मग्रंथ बाटू नयेत म्हणून त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप घातलं, असं सांगतात. तुपाच्या शाईत शुद्धलेखनाच्या चुकांना किती सूट मिळत होती कोण जाणे.

तर गालिबने शाहदऱ्याहून आलेली प्रत्येक कापी पाहिली. चुकांवर खुणा केल्या. पण कापी घेऊन येणारा एक आणि लिहिणारा दुसरा. पुस्तक हातात पडलं तेव्हा त्याच चुका जशाच्या तशा! मीर महदी मजरूहला लिहिलेल्या पत्रात त्याचा असा काही पारा चढला आहे की दिल्ली, दिल्लीचं पाणी आणि दिल्लीचा छापखाना या तिघांना त्याने एकाच दमात शिव्या मोजल्या आहेत. वर टोमणा असा की लखनौवाले ज्याचा दीवान छापतात त्याला आभाळात नेऊन बसवतात. शेवटी शुद्धिपत्र जोडावं लागलं. मग त्याने एक छापील प्रत घेतली, स्वतःच्या हाताने दुरुस्त केली आणि त्यावरून 1862 साली कानपूरच्या निजामी छापखान्याने नवी आवृत्ती काढली.

हे वाचताना मला नेहमी एका दुपारची आठवण येते. एका कवीचा संग्रह माझ्या हातून गेला होता. तीन प्रुफं पाहिली. तिसऱ्या प्रुफात केलेली दुरुस्ती खिळे जुळवणाऱ्यापर्यंत पोचलीच नाही, की पोचूनही राहिली, देव जाणे. 'वारा'चा 'मारा' झाला होता, आणि तो 'मंद' होता. कवी आले, काही बोलले नाहीत. पुस्तक माझ्या टेबलावर उघडून ठेवलं, पेन्सिलीचं वर्तुळ दाखवलं आणि निघून गेले. मुद्राराक्षसाचा विनोद म्हणून बाकीच्यांनी तो महिनाभर चघळला. गालिबने शिव्या तरी दिल्या.

गढमुक्तेश्वरला गंगा आली. डब्यातल्या बायकांनी नाणी काढली, हिनेही काढलं. समोरच्या बाकावरच्या बुरख्यातल्या आजींनी आपल्या नातवाला खिडकीशी उचलून धरलं, पाणी बघ म्हणून. मग शेतं, ऊस, आणि अमरोह्याच्या आधीपासून आंब्याच्या बागा. अमरोह्यात ढोलक्या बनतात. एक पोरगा गळ्यात चार छोट्या ढोलक्या अडकवून डब्यातून वाजवत गेला.

1969 हे गालिबच्या मृत्यूचं शताब्दी वर्ष. समारंभ, टपाल तिकीट, भाषणं सगळं चालू असताना भोपाळच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात एक हस्तलिखित निघालं. अमरोह्याच्या एका ग्रंथविक्रेत्याने ते किरकोळ दामाला उचललं. पाहतात तो 1816 सालचा दीवान. म्हणजे कवी वयाच्या एकोणिसाव्या वर्षात. अक्षर खुद्द गालिबचं असं एका पक्षाचं म्हणणं, दुसऱ्या पक्षाने ते बनावट ठरवलं, आणि विद्वानांत जी जुंपली तिचे पडसाद अजून ऐकू येतात. त्याच वर्षी त्याची छायाप्रत छापली गेली हे बरं झालं, कारण मूळ प्रत नंतर पुन्हा नजरेआड गेली. गाडी अमरोह्याला थांबली होती तेवढ्या वेळात मी फलाटावरच्या पुस्तकांच्या गाड्याकडे उगाचच पाहून घेतलं. स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं होती.

रामपूरला उतरलो की चाकू. आपल्याकडे रामपुरी हा शब्द हिंदी सिनेमाने घरोघर पोचवला. त्या गावाने आता चौकात भला मोठा चाकू उभा करून टाकला आहे. रिक्षावाल्याने तो दाखवण्यासाठी वाकडी वाट केली आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. हिने विचारलं, "तुमच्याकडे खरंच सगळे चाकू बाळगतात?" तो म्हणाला, "आपा, अब तो सब मोबाइल रखते हैं."

रझा ग्रंथालय किल्ल्याच्या आवारात, हमीद मंझिल नावाच्या राजवाड्यात आहे. नवाब फैजुल्लाह खानांनी 1774 साली संग्रहाला सुरुवात केली. या वास्तूत तो 1957 साली आला. 1975 पासून केंद्र सरकारच्या ताब्यात. दिवाणखान्याचं छत सोन्याच्या नक्षीने इतकं भरलेलं की ग्रंथ पाहायला आलेला माणूस पहिली दहा मिनिटं मान वर करूनच फिरतो. सतरा हजारांच्या आसपास हस्तलिखितं. सुमेरचंद यांनी 1715च्या सुमारास फारसीत केलेलं वाल्मीकि रामायण तिथे चित्रांसह आहे, हे पाहून ही थबकली ती थबकलीच.

मला परवानगीचे कागद भरायचे होते. टेबलामागचे वयस्क गृहस्थ माझा पत्ता वाचून थांबले.

"पूना? तो आप मरहटे हुए."

"जी."

"आप के लोग यहाँ पहले भी आ चुके हैं," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "सत्रह सौ बहत्तर में."

पानिपताचा वचपा काढायला महादजी शिंदे आणि विसाजी कृष्ण रोहिलखंडात उतरले ते सालही 1772च. मी म्हटलं, "त्या वेळी ग्रंथालय नव्हतं." ते खळखळून हसले आणि चहा मागवला. साखर विचारली नाही. इथे ती गृहीत असते. आमच्याकडच्या एका जुन्या संस्थेत हस्तलिखित मागितलं होतं तेव्हा मला आधी विचारण्यात आलं होतं, "कशाला पाहिजे?" हा प्रश्नही वाईट नव्हे, त्यामागे काळजी असते. पण रोहिल्याकडून चहा मिळाला एवढं नोंदवून ठेवतो.

गालिब रामपूरच्या नवाबाचा कवितेतला गुरू. यूसुफ अली खान शेर लिहून टपालाने दिल्लीला पाठवणार, गालिब त्यावर 'इस्लाह' करणार, म्हणजे शब्द सुधारणार. 1859पासून त्याबद्दल महिना शंभर रुपये, आणि रामपुरात येऊन राहिला तर दोनशे. मुद्रितशोधकाला असा दर कुणी दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ज्याच्या कापीतल्या खुणांना शाहदऱ्याने केराची टोपली दाखवली त्याच्या खुणा नवाब शिरसावंद्य मानत होता. उस्तादाला पसंत पडलेल्या शेरावर 'स्वाद' या अक्षराची खूण होते, 'सही' या अर्थी. आमच्या मास्तरांच्या बरोबरच्या खुणेची ही थोरली बहीण.

आणि या नोकरीनेच दीवान वाचला. 1857च्या आधी गालिबने नवाबाकडे आपल्या उर्दू दीवानाची एक प्रत पाठवली होती. दिल्लीत दोस्तांचे संग्रह लुटले गेले, रामपुरात ती प्रत सुखरूप राहिली. 1860 साली तो स्वतः इथे आला तेव्हा झियाउद्दीन खानांनी त्याच्या मागे टुमणं लावलं होतं की तिची नक्कल करवून आण. म्हणजे कवीला स्वतःच्या कवितेची प्रत दुसऱ्याच्या कपाटातून मागून घ्यावी लागली.

मूळ प्रत पाहायला मिळाली ती पाच-सात मिनिटं, तीही हात मागे बांधून. सुबक नस्तालीक अक्षर, कडेला रेघांची चौकट, कसरीने खाल्लेल्या जागी पातळ कागदाची ठिगळं. नंतर त्यांनी मला गालिबच्या पत्राची छायाप्रत काढून दिली, ती मात्र हवा तितका वेळ. दीवानाची पोथी नटून बसलेली होती; हे पत्र अंगणात पायरीवर बसल्यासारखं. ओळी वर चढत जातात, जागा संपत आली की शब्द एकमेकांच्या खांद्यावर बसतात. बत्तीस वर्षांत मी शेकडो हातांचं अक्षर लावलं, पण अर्धी रक्कम वेळेवर न आल्याची कुरकुर इतक्या अदबीत गुंडाळलेली मी प्रथमच पाहिली. ज्या ओळीत पैसे मागायचे त्या ओळीचं अक्षर सगळ्यांत सुंदर असावं, असं मला तरी वाटलं.

हे कागद जगापुढे आणले ते इथलेच ग्रंथपाल इम्तियाज अली अर्शी यांनी. 1937 साली त्यांनी रामपूरची पत्रं छापली, 1958 साली सबंध दीवान कालक्रमाने लावून, प्रतीप्रतींतले पाठभेद देऊन संपादित केला. गालिबने छाटून टाकलेली तरुणपणची कविता, त्याने स्वतः मान्य केलेला दीवान आणि इकडेतिकडे विखुरलेले शेर असे त्याचे तीन भाग. आपल्याकडे धुळ्याच्या वाग्देवता मंदिरात शंकरराव देवांनी समर्थांची बाडं गोळा केली ती याच जातीच्या चिकाटीने. अशा माणसांचं नाव मुखपृष्ठावर बारीक टाइपात येतं.

संध्याकाळी त्या गृहस्थांनी घरी जेवायला बोलावलं. नाही म्हणायची सोय नव्हती. जमिनीवर दस्तरखान, वाढायला घरातली तीन पिढ्यांची माणसं. माझ्यापुढे तार कोरमा आला. मांसाचा रस इतका आटवलेला की बोटं एकमेकांना चिकटावीत आणि सोडवताना तार यावी, म्हणून तार. आपण एकतारी, दोनतारी पाक साखरेचा करतो. इथे तो बकऱ्याचा. ही शाकाहारी, म्हणून तिच्यासाठी घरात स्वतंत्र भांड्यात डाळ शिजली होती, आणि भांडं नवं आहे हे तिला दाखवण्यात आलं. ते पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं; मला वाटलं मिरची. शेवटी आल्याचा हलवा. आलं आपण चहात आणि खोकल्यात वापरतो. इथे त्याचा साजूक तुपात हलवा होतो आणि तो तिखट, गोड, दोन्ही एकदम लागतो. गालिबने रामपूरच्या कोसी नदीच्या पाण्याची अमृताशी बरोबरी केली आहे. जेवणानंतर दोन तांबे रिचवल्यावर मला ती पटली, तांबे नळाचे असले तरी.

परतताना मुरादाबादच्या अलीकडे रामगंगा ओलांडली. 1865च्या हिवाळ्यात दुसऱ्या रामपूर भेटीहून येताना म्हातारा गालिब इथेच अडकला होता. पालखी पार झाली आणि मागे पूल वाहून गेला. सामान पलीकडे, हा अलीकडे, थंडीत आजारी. मुरादाबाद म्हटलं की आमच्या घरी आजीचा कोरीव पितळी तांब्या. हिने स्टेशनवर तसला शोधला. स्टीलचे मिळाले.

आग्रा हिचं होतं, म्हणून ताजमहाल आधी. त्यावर मी काही लिहीत नाही. लिहिण्यासारखं सगळं लिहून झालं आहे आणि तरी तो आहे तसाच आहे. पंछीच्या नावाची दहा दुकानं ओलांडून अकराव्यात पेठा घेतला आणि रिक्षा काला महल भागात नेली. गालिब इथे जन्मला, 1797च्या 27 डिसेंबरला. जन्माचा वाडा दाखवतात तिथे मुलींची शाळा आहे. वरच्या गच्च्यांवर पतंग उडत होते. लहानपणी आपण इथल्या गच्चीवरून राजा बलवानसिंगाशी पतंगांच्या लढती कशा लढायचो, हे त्याने म्हातारपणी मुन्शी शिवनारायणला लिहिलं. हा शिवनारायण आग्र्याचा छापखानेवाला. त्याचे आजोबा आणि गालिब तरुणपणी मध्यरात्रीपर्यंत बुद्धिबळ खेळायचे. प्रकाशकाला इतकं मायेने लिहिणारा लेखक मी दुसरा पाहिला नाही. अर्थात पुस्तक छापून व्हायचं होतं.

ते पुस्तक 'दस्तंबू'. 1857च्या दिवसांची फारसी रोजनिशी, 1858 साली आग्र्यात छापलेली. गालिबचा पण असा की यात अरबी शब्द येऊ द्यायचा नाही, निव्वळ जुनी फारसी लिहायची. छपाई चालू झाली आणि दिल्लीत बसलेल्या गालिबला एकदम ध्यानात आलं की 'नहीब' हा शब्द सुटून गेला आहे, आणि तो अरबी आहे! ताबडतोब आग्र्याला पत्र: तो शब्द चाकूने खरवडून काढा आणि तिथे 'नवा' लिहा. खाडाखोड करा असं नाही म्हटलं, खरवडा. मुद्रितशोधनात जन्म गेला, त्यामुळे एका शब्दाने झोप उडणं म्हणजे काय ते मला कळतं, आणि त्या चाकूचं रामपूरच्या चौकातल्या चाकूशी नातं लावण्याचा मोह मी तिथेच आवरला.

शब्द खरवडण्याची हौस आपल्याला काही नवी नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. माधव जूलियनांनी 1925 साली फार्शी-मराठी कोश केला, मराठीत गझल रुजवली, आणि पुढे भाषाशुद्धीचा झेंडाही त्यांनीच खांद्यावर घेतला. फारसीतून अरबी काढणारा गालिब, मराठीतून फारसी काढणारे आपण. मी हे सगळं आवेशाने सांगत असताना ही म्हणाली, "आवेश कुठला शब्द?" संस्कृत, म्हटलं. "आणि हौस?" मी पेठ्याचा तुकडा तोंडात टाकला. छापखाना कुठे होता ते कुणालाच सांगता आलं नाही. एका बाइंडरने आम्हाला दोन गल्ल्या फिरवलं आणि शेवटी लग्नपत्रिका छापणाऱ्या भाच्याकडे नेलं.

भोपाळला सकाळी उतरलो. पोह्यांवर शेव आणि बाजूला जिलबी. पोहे पाहून हिचा जीव भांड्यात पडला आणि जिलबी पाहून पुन्हा बाहेर आला. त्यावर चहा, मिठाचा! पहिल्या घोटाला आपण फसलो असं वाटतं, तिसऱ्या घोटाला बिनमिठाचा चहा पांचट वाटायला लागतो.

इथे फौजदार मुहम्मद खानांच्या संग्रहात 1821 सालचं हस्तलिखित होतं, कवीच्या चोविसाव्या वर्षाचं. 1921 साली ते 'नुस्खा-ए-हमीदिया' म्हणून छापलं गेलं आणि उर्दू जगात खळबळ उडाली. 1841 साली गालिबने पहिला छापील दीवान काढला तो हजाराच्या आसपास शेरांचा. बाकीचे त्याने छाटले होते. मौलवी फज्ले हक खैराबादी आणि मिर्झा खानी या मित्रांनी कात्री चालवली, असं मुहम्मद हुसेन आझाद सांगतात. ते कापलेले शेर सगळे या पोथीत नांदत होते. समासात दुरुस्त्या, नव्या गझला, एकाच ओळीचं आधीचं आणि नंतरचं रूप. स्वातंत्र्याच्या सुमारास ही पोथीसुद्धा ग्रंथालयातून नाहीशी झाली आणि पुन्हा उजेडात यायला या शतकापर्यंत थांबावं लागलं.

मला त्या छाटलेल्या शेरांपुढे थोडं अवघडायला होतं. ज्याला ते नको होते त्याच्या पश्चात आपण ते वाचतो, त्यांवर प्रबंध लिहितो. जे त्याला हवं होतं ते दिल्लीत लुटलं गेलं, जे त्याने टाकलं ते भोपाळात कपाटात राहिलं. आणि खरं सांगायचं तर त्या टाकलेल्यांत काही शेर असे आहेत की कात्री चालवणाऱ्याचा हात धरावासा वाटतो. बरेचसे मात्र गुंतागुंतीचे, फारसीने फुगलेले. तिथे मित्रांचंच बरोबर. हे मी माझ्या दोन वर्षांच्या उर्दूच्या बळावर बोलतो आहे.

चौकाजवळ रस्त्याकडेला एक जण जुनी पुस्तकं घेऊन बसला होता. हमीदियाबद्दल विचारलं तर म्हणाला, "वो तो अब आप मोबाइल पे देख लो." मग माझा चेहरा बघून त्याने गठ्ठ्यातून देवनागरीतला एक दीवान उपसून काढला. पाठीची शिवण सुटलेली, पहिली चार पानं गायब. पन्नास रुपये. सुतळीने बांधून दिला, आणि गाठ अशी मारली की गाडीत ती मला सुटली नाही.

घरी आल्यावर हिने ती दातांनी सोडवली. पुस्तक चाळताना मधल्या एका पानावर कुणाची तरी पेन्सिल दिसली. ओळीतला एक शब्द वर्तुळात, समासात दुसरा शब्द, अक्षर काळजीपूर्वक काढलेलं. माझ्याआधी कुणीतरी हे प्रूफ वाचून गेलं होतं. मी अर्शींची आवृत्ती काढली, तळटीप शोधली, दोन कोश उघडले. छापलेला शब्दच बरोबर होता. दुरुस्ती चुकीची.

खोडरबर ड्रॉवरमध्ये होतं. काढलं, आणि पुन्हा आत ठेवलं.